गुलाबवाटिका छाटताय? आधी पेस्टची बादली भरा

पाऊस अजून पुरता गेलेला नाही. तरीही कॉलेजच्या आवारातल्या गुलाबांवर सिकेटर (छाटणीची कात्री) चालू झाले असेल, तर ते आजच थांबवा. ताज्या कापावर ओल टिकली की शेंडेमर, म्हणजे शेंड्याकडून काडी मरत जाण्याचा बुरशीचा रोग, आलीच समजा. आवारातली बाग हवामान बघून छाटली जात नाही, कार्यक्रमाची तारीख बघून छाटली जाते, हे खरे दुखणे. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. कोणीतरी तारखेवरून उलटे दिवस मोजतो आणि भर ढगाळीत माळ्याला कामाला लावतो. कार्यक्रमाला फुले थोडी कमी दिसली तरी चालतील. सलग कोरडे ऊन पडेपर्यंत सिकेटर कपाटातच राहू द्या.

गुलाब खताअभावी मरताना मी क्वचितच पाहिला. मरतो तो उघड्या कापामुळे. टोकाला आधी एक तपकिरी टिकली दिसते. मग काडी वरून खाली काळी पडत जाते. काळ्या आणि हिरव्या भागाच्या मध्ये तपकिरी कड असते. ती एकेक डोळा (कोंब फुटण्याची जागा) ओलांडत कलमाच्या सांध्यापर्यंत उतरली की झाड गेले. पुढे सांध्याखालून खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते जंगली झाड, जोरात फुटतो आणि सगळे म्हणतात, झाड सावरले! सावरले कसले, उरली ती जंगली फूट. ती मुळाशी जाऊन ओढून काढा, वरून कापली तर दुप्पट येते.

मर दिसत असेल तर काळ्या भागाच्या खाली दोन-तीन इंच निरोगी काडीत काप घ्या आणि गाभा बघा. पांढरा-हिरवट असेल तर थांबा, तपकिरी असेल तर आणखी खाली जा. काप तिरका, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर. पाते धारदार हवे. बोथट पाते साल चेचते आणि बुरशी तिथूनच शिरते. प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटने पुसा. दुपारी चारनंतर छाटू नका, असे माझे मत. शिफारशीत हे सापडणार नाही, पण रात्रीच्या दवाआधी काप सुकलेला बरा.

आता ताज्या कापावर लावायची बुरशीनाशक पेस्ट, म्हणजे बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची, धातूची नकोत. चुना निवला की गाळून दोन्ही एकत्र ओता. स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा. छाटणारा पुढे आणि ब्रश घेतलेला मागे, असे दोघे हवेतच. ‘सगळे छाटून झाले की लावू’ म्हणाल तर ते राहतेच. लगेच कॉपर ऑक्सिक्लोराईड (५० टक्के) २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात मिसळून फवारा. जुने माळी कापावर शेण-माती लिंपतात. हाताशी काहीच नसेल तर तेही करा, उघडे ठेवण्यापेक्षा बरे.

दुकानदार बुरशीनाशकाबरोबर ‘जोमदार फुटीचे’ टॉनिक गळ्यात मारतो. घेऊ नका. गाभा कुजलेल्या काडीला टॉनिक काय करणार? तो पैसा चांगल्या सिकेटरवर घाला.

सार्वजनिक बागेत आणखी एक भानगड असते. येणारे-जाणारे फूल तोडत नाहीत, ओरबाडतात. देठ फाटतो, साल लोंबते, आणि तोही उघडा कापच. रोज सकाळी एक फेरी मारा, असे फाटके देठ खालच्या निरोगी डोळ्यावर नीट कापा, पेस्टचे बोट लावा. वाटेकडेच्या झाडांना मर जास्त का, याचे उत्तर मला तरी इथेच दिसते.

पिवळ्या जातींवर विशेष नजर ठेवा. त्यांचा रंग ज्या फोएटिडा नावाच्या पिवळ्या रानगुलाबाकडून आला, त्याच्याकडूनच काळ्या ठिपक्यांच्या रोगापुढचे दुबळेपणही आले. ठिपक्यांची गळलेली पाने आळ्यात ठेवू नका आणि सायंकाळी पानांवर पाणी मारू नका.

बाकीची नेहमीची कामे:
- हायब्रीड टी (एका देठावर एक मोठे फूल): चार-पाच निरोगी काड्या, दीड-दोन फुटांवर छाटणी
- फ्लोरिबंडा (झुपक्याने फुलणारे): हलकी छाटणी, वेली गुलाबांना ही छाटणी नको
- छाटलेल्या काड्या त्याच दिवशी बागेबाहेर
- आळी मोकळी करणे, कुजलेले शेणखत
- पाणी बुंध्याशी, सकाळी
- लाल कोळी: पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा
- भुरी (पानांवरची पांढरी बुरशी): पाण्यात मिसळणारे गंधक २० ग्रॅम प्रति १० लिटर, कडक उन्हात नको

फवारणी सुट्टीच्या दिवशीच करा, वाटेवर दोरी बांधा आणि ‘फुलांना हात लावू नये’ या जुन्या पाटीखाली औषध मारल्याची तारीख लिहा. मुले फूल नाकाला लावतात.