शेपफाइलचं प्रोजेक्शन कसं ओळखायचं

शेपफाइल म्हणजे नकाशाचा डेटा ठेवायचा एक प्रकार, ती एकटी फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ या तिघी लागतातच. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, मात्र पीआरजे या चौथ्या, ऐच्छिक फाइलमध्ये असतं आणि पाठवणाऱ्याकडून नेमकी तीच राहून जाते. ती असेल तर थेट नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला जीईओजीसीएस दिसलं तर आकडे अंशांत, पीआरओजेसीएस दिसलं तर बहुधा मीटरमध्ये.

पायथनमध्ये जिओपांडाज या लायब्ररीने फाइल वाचा आणि सीआरएस (निर्देशांक प्रणाली) छापा. त्यावर टू_ईपीएसजी (प्रणालीचा ठरलेला ईपीएसजी क्रमांक देणारं फंक्शन) चालवून 'नन' आलं तरी फाइल बिघडलेली नसते. आर्कजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या पीआरजेत सहसा ईपीएसजी क्रमांक नसतो आणि पुरेशी खात्री नसेल तर आतली पायप्रोज लायब्ररी क्रमांक देत नाही. टू_ईपीएसजीचा मिन_कॉन्फिडन्स (किमान खात्री) ७० वरून २० वर आणा, पण मिळालेला क्रमांक पीआरजेतल्या मजकुराशी ताडून घ्या. शेपली या आकृत्यांच्या लायब्ररीतल्या सुट्या पॉलिगॉनला हे विचारूच नका, त्याच्याकडे नुसते आकडे असतात.

पीआरजेच नसेल तर टोटल_बाउंड्स, म्हणजे डेटाच्या कडांचे आकडे, छापा. डेटा पुण्याचा आहे असं धरू. ७३.८ आणि १८.५ आलं तर बहुधा ईपीएसजी ४३२६, म्हणजे साधे रेखांश-अक्षांश. ३.८ लाख आणि २०.५ लाख म्हणजे यूटीएम (पृथ्वीचे ६-६ अंशांचे झोन पाडणारं प्रोजेक्शन) झोन ४३, अर्थात ३२६४३. ८२.२ लाख आणि २१ लाख म्हणजे वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांचं प्रोजेक्शन), ३८५७. यात क्षेत्रफळ मोजलंत तर पुण्यात ते सुमारे ११ टक्के फुगतं. आधी १८ आणि मग ७३ आलं तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. असं पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं.

यूटीएमची मेख वेगळीच. ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो, त्यामुळे नागपूर ४४ मध्ये, म्हणजे ३२६४४. त्यालाही ४३ लावलंत तर कसलीही एरर येत नाही, फक्त नागपूर बरोबर ६ अंश पश्चिमेला, गुजरातेत बारडोलीजवळ उमटतं.

ओळख पटली की सेट_सीआरएस वापरा. त्याने फक्त लेबल लागतं. आकडे बदलतात ते टू_सीआरएसने. लेबलच चुकीचं असेल तर टू_सीआरएस तीच चूक इमानेइतबारे पुढे नेतं. चुकीचं लेबल बदलताना सेट_सीआरएसला अलाउ_ओव्हरराइड ट्रू द्यावं लागतं.

शेवटी क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावर थर टाकून एखादा रस्त्याचा चौक जुळतो का पाहा. सगळंच एका दिशेला शंभरेक मीटर सरकलेलं असेल, तर प्रोजेक्शनआधी डेटमवर (पृथ्वीचा कोणता आकार आणि संदर्भ धरून मोजलंय त्यावर) संशय घ्या: जुन्या टोपोशीटवरून काढलेला डेटा एव्हरेस्ट लंबगोलावरचा असतो, डब्ल्यूजीएस ८४ वरचा नव्हे.