कॅथेड्रलमध्ये मुलांसोबत स्वतःहून फिरताना या चुका टाळा

अनेक ऐतिहासिक कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, दाराशी मुलांसाठी एक छापील पत्रक मिळते. पानांनी वेढलेला कोरीव चेहरा, ड्रॅगनला मारणारा संत, बिशपचे आसन अशा शोधायच्या गोष्टींची यादी त्यात असते, आणि काही ठिकाणी दुर्बीण, भिंग व रंगीत पेन्सिली भरलेली पिशवीही वापरायला देतात. मार्गदर्शकाशिवाय, आपल्या गतीने ही वास्तू पाहता यावी यासाठी केलेली ही उत्तम सोय आहे. तरीही त्याच त्या चुकांमुळे मुले कंटाळून बाहेर पडतात आणि दोष मात्र जुन्या इमारतीला दिला जातो, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पत्रकाला प्रश्नपत्रिका समजणे. एका कॅथेड्रलमध्ये सात-आठ वर्षांची एक मुलगी एका सरदाराच्या समाधीजवळ खाली बसलेली मी पाहिली. समाधीवर त्या सरदाराची आडवी दगडी मूर्ती होती आणि तिच्या पायांशी एक लहानसा कुत्रा कोरलेला होता. “बाबा, हा याचाच कुत्रा होता का?” असे तिने विचारले. वडिलांनी हातातल्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, “तो यादीत नाही. चल लवकर, अजून बरेच शोधायचे आहे.” पुढची उत्तरे त्यांनीच शोधली, त्यांनीच लिहिली आणि शेवटी मिळालेला बिल्ला मुलीच्या फ्रॉकला लावला. तोवर तिने काही विचारणे सोडून दिले होते. मध्ययुगीन समाधिमूर्तींच्या पायांशी कुत्रा किंवा सिंह कोरण्याची रीतच होती; कुत्रा निष्ठेचे आणि सिंह शौर्याचे चिन्ह मानला जातो, आणि काही स्त्रियांच्या मूर्तींपाशी तर गळपट्ट्याला घुंगरू असलेली लाडकी कुत्री दिसतात. मुलीच्या त्या एका प्रश्नातून अर्धा तास सहज रंगला असता. बाकीच्या समाध्यांपाशी कोणते प्राणी आहेत, कोणाच्या पायांशी काहीच नाही, हे तिने स्वतः शोधले असते.

यावर माझी पद्धत अगदी साधी आहे. यादीतल्या तीनच गोष्टी मुलाला निवडू द्याव्यात आणि कागद घडी करून खिशात ठेवावा. प्रत्येक गोष्टीपाशी आधी बसावे, मुलाने तिचे चित्र काढावे आणि लिहायचे असल्यास ते शेवटी लिहावे. चित्र काढण्यासाठी मुलाला तीच वस्तू पुन्हा पुन्हा पाहावी लागते, आणि पत्रकाचा खरा हेतू तोच असतो. फोनवर उत्तरे शोधून यादी झटपट पूर्ण करणाऱ्यांनी पत्रक घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक वेळेची आहे आणि तिच्यामुळे होणारी निराशा पूर्णपणे टाळता येण्यासारखी असते. कॅथेड्रल हे चालते प्रार्थनास्थळ आहे. प्रार्थनेच्या वेळी गायकवृंदाची जागा आणि वेदीकडचा भाग पाहुण्यांसाठी बंद असू शकतो, आणि यादीतल्या निम्म्या गोष्टी नेमक्या तिथेच असतात. फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथेड्रलच्या फरशीत सुमारे १३ मीटर व्यासाचा मध्ययुगीन चक्रव्यूह आहे. त्यात चुकायला दुसरी वाट नाही, एकच वळणावळणाची वाट मध्यापर्यंत जाते, त्यामुळे लहान मूलही तो एकट्याने चालू शकते. परंतु एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि तो वर्षाच्या ठरावीक काळात, प्रामुख्याने शुक्रवारी, मोकळा केला जातो. मुलाला आधी आशा लावून नंतर खुर्च्यांच्या रांगा दाखवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. घड्याळांचेही तसेच आहे. इंग्लंडमधील वेल्स या शहराच्या कॅथेड्रलमध्ये दर पाव तासाला घड्याळावरचे लाकडी घोडेस्वार फिरतात, म्हणून तिथे थोडे थांबले की काम होते. इंग्लंडमधल्याच सॉल्सबरी कॅथेड्रलचे घड्याळ मात्र सुमारे १३८६ सालचे मानले जाते आणि त्याला तबकडीच नाही; ते केवळ तासाचे टोले देण्यासाठी बनवलेले होते. हे आधी सांगितले नाही, तर मुले समोर उभी राहूनही घड्याळ शोधत राहतात.

नजर फक्त समोर ठेवणे ही तिसरी चूक. इंग्लंडच्या लिंकन कॅथेड्रलमधील प्रसिद्ध दगडी सैतान इतका लहान आणि इतका उंचावर आहे की दुर्बिणीशिवाय मुलांना तो नीट दिसत नाही. रंगीत काचांच्या खिडक्या पुष्कळदा खालून वर वाचायच्या असतात, त्यामुळे मधल्याच चित्रापासून सुरुवात केली की गोष्ट लागत नाही. शार्त्रमध्ये तर अगदी खालच्या चौकटींत चांभार आणि कातड्याचे व्यापारी आपापल्या कामात दिसतात, आणि देवदूतांपेक्षा मुलांना तेच आधी आवडतात. पूर्वेच्या खिडक्या सकाळी आणि पश्चिमेच्या दुपारनंतर पाहाव्यात.

जमिनीतल्या समाध्यांवरच्या कोरीव पितळी पट्ट्यांचा ठसा घेण्यासाठी त्यांवर कागद ठेवून खडू घासू नये. काही ठिकाणी त्यासाठी वेगळ्या प्रतिकृती ठेवलेल्या असतात, त्या मागाव्यात. शाईचे पेन आत नेऊ नये, पेन्सिल पुरते. मनोरा चढण्यापूर्वी वयाची आणि उंचीची अट विचारावी. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये सर्वांत वरच्या सज्जापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत आणि लहान मुलाला कडेवर घेऊन त्या चढण्याचा हट्ट धरणारे पालक मला अजिबात समजत नाहीत.

एवढे करूनही मूल कुरकुरू लागले, तर त्याला गप्प बसवत पुढे ओढू नये. सरळ बाहेर जावे आणि भिंतीच्या कडेने चालत छपराखालची दगडी तोंडे दाखवावीत. ज्यांच्या तोंडातून पावसाचे पाणी बाहेर पडते ती पन्हाळी कोणती आणि नुसती शोभेसाठी कोरलेली कोणती, हे तोंडातले भोक पाहून मुलाला ओळखू द्यावे. पाऊस पडत असेल, तर उत्तर त्याला आपोआपच दिसेल.