कला-अनुदानाच्या कपातीविरुद्ध माणसे जमवताय? या चुका टाळा

नाटकाच्या, तमाशाच्या किंवा संगीताच्या अनुदानाला कात्री लागल्याची बातमी आली, की पुण्यात संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर नवा गट तयार होतो आणि सकाळी 'झाशीच्या राणीच्या पुतळ्यापाशी जमा' असा निरोप फिरू लागतो. मी हौशी रंगभूमीवर पडद्यामागे काम करणारा माणूस आहे. अशा अनेक आंदोलनांत मी सतरंज्या घातल्या आहेत आणि त्याच त्या चुका पाहून आता कंटाळलो आहे.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे कपात नेमकी कुणी आणि कशात केली, हे न पाहता हाक देणे. बालगंधर्व रंगमंदिराचे भाडे हा महानगरपालिकेचा विषय आहे, राज्य नाट्य स्पर्धा आणि तमाशा फडांचे अनुदान हा राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाचा, तर नाट्यसंस्थांना कलाकारांच्या मानधनासाठी मिळणारे गुरु-शिष्य परंपरा योजनेचे पैसे दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाकडून येतात. तिघांच्या नावाने एकच निवेदन लिहिले, तर तिघेही ते एकमेकांकडे पाठवतात. त्याहून कठीण प्रकार असा, की पुष्कळदा कपात अर्थसंकल्पात दिसतच नाही. मार्चमध्ये मंजूर झालेली रक्कम वर्षभर टप्प्याटप्प्याने वितरित होते, ती किती टक्के सोडायची हे वित्त विभाग परिपत्रकाने ठरवतो, आणि जे ३१ मार्चपर्यंत सुटले नाही ते बहुतेक वेळा बुडते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यासारख्या लहान संस्थांची देणी महिनोन्महिने अडकली होती आणि आम्ही निवेदनात ठसक्यात लिहिले, 'शासनाने अनुदान बंद केले आहे.' दोन शनिवार-रविवार नाट्यगृहाच्या आवारात टेबल टाकून, तिसऱ्या घंटेपर्यंत प्रेक्षकांच्या मागे फिरून आम्ही सह्या गोळा केल्या होत्या. संबंधित कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी आमचे निवेदन शांतपणे वाचले, मागच्या कपाटातून अर्थसंकल्पाचे पुस्तक काढले, एका ओळीवर पेन्सिलीचे टोक ठेवले आणि विचारले, "बंद कुठे केलंय? तरतूद गेल्या वर्षापेक्षा जास्तच आहे." खिडकीतून खालच्या घोषणा स्पष्ट ऐकू येत होत्या आणि वर आम्ही पाच जण ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. तरतूद खरोखरच होती, पैसे सुटलेले नव्हते. 'बंद' या एका शब्दामुळे आमची खरी तक्रार खोटी ठरली आणि सह्यांचा गठ्ठा टेबलावर तसाच राहिला.

तेव्हापासून मी हाक देण्याआधी अर्ध्या कागदावर तीन आकडे लिहितो: मूळ तरतूद, सुधारित अंदाज (वर्षाच्या ओघात बदललेली तरतूद) आणि प्रत्यक्ष वितरण. पहिले दोन अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत मिळतात, निधी सोडल्याचे शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर असतात, आणि तरीही हिशेब लागला नाही तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, हे ऐकले की नवी मुले हिरमुसतात आणि "तोवर विषय थंड होईल" म्हणतात. महिनाभरात थंड होणाऱ्या विषयासाठी लोकांना रस्त्यावर बोलावूच नये, असे माझे मत आहे. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' असे ओरडून छप्पर हलवणे निराळे आणि वित्त विभागाचे परिपत्रक हलवणे निराळे.

दुसरी माझ्या डोक्यात बसलेली चूक म्हणजे फक्त कलावंतांनाच बोलावणे. बालगंधर्वच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की माणसे आपोआप गोळा होतात, कारण १९६८ पासून उभी असलेली ती वास्तू डोळ्यांना दिसते आणि तिथला बटाटावडा प्रत्येकाने खाल्लेला असतो. अनुदान दिसत नाही. म्हणून 'संस्कृतीचा गळा घोटला' असे फलक रंगवण्यापेक्षा त्या पैशांत काय येते ते सांगावे: तालमीच्या हॉलचे भाडे, नेपथ्य नेणारा टेम्पो, भाड्याने आणलेले दिवे, रंगभूषाकाराची आणि बॅकस्टेजच्या पोरांची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन. एकदा मी नेपथ्य उभारणाऱ्या सुतारालाच बोलायला उभे केले. त्याने मागच्या तीन प्रयोगांची थकलेली बिले खिशातून काढून वाचून दाखवली, आणि नाटक पाहायला आलेले लोक ती ऐकत थांबले. पोरांनी रात्र जागून बसवलेल्या पथनाट्याला तेवढी माणसे थांबली नव्हती.

बाकीचे थोडक्यात. शनिवारी मोर्चा नेऊ नका, कारण २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे आणि निवेदन रखवालदाराच्या हातात पडते. मालिकेतला चेहरा आणलात, तर छायाचित्र त्याचे छापून येईल आणि मागणी शेवटच्या ओळीत जाईल. पोलीस ठाण्याची परवानगी तोंडी मिळाली असे कुणी म्हणाले, तर ती मिळालेली नाही असे समजा. ऑनलाइन सह्यांविषयी मी बोलणारच नाही. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, मग मागची रांग कितीही कुरकुरू दे.

आमदारांकडे मात्र अधिवेशनाच्या आधीच जावे, म्हणजे अर्थसंकल्पीय अधिवेशनात 'अनुदानाच्या मागण्यां'वर (खात्यांच्या खर्चाला सभागृहाची मंजुरी मागणारे प्रस्ताव) किंवा पुढे वाढीव खर्चाच्या पुरवणी मागण्यांवर चर्चा होते तेव्हा त्यांच्या हातात आपला कागद असतो. तिथे त्यांचे एक हत्यार म्हणजे कपात सूचना: मागणीतली रक्कम नाममात्र कमी करावी असा प्रस्ताव मांडायचा आणि त्या निमित्ताने तक्रार सभागृहात मांडायची. लोकसभेत अशी लाक्षणिक कपात १०० रुपयांची असते. हे आपल्या माणसांना आधी समजावून ठेवावे. मी ते विसरलो होतो, आणि 'आमदार आपल्यासाठी कपात सूचना मांडणार' असा निरोप गटावर टाकताच एका मुलीने 'विश्वासघात' असे लिहून गट सोडला आणि तिच्यामागून आणखी अकरा जण गेले. त्यांना एकेकाला फोन करून परत आणेपर्यंत रात्रीचे साडेबारा वाजले.