सोले फ्रीझरमध्ये भरताय? आधी या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या कॉटन मार्केटात तुरीच्या शेंगांचे ढीग लागले की आमच्या गल्लीत घरोघरी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, काढायच्या बैठका बसतात. आणि एप्रिल लागला की मला फोन येऊ लागतात. "काकू, सोले काळपट पडले. फ्रीज बिघडला असेल का?" फ्रीज धडधाकट असतो. सोले जानेवारीतच बिघडलेले असतात, पत्ता एप्रिलमध्ये लागतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी हे वाचा.

कच्चेच भरले

सगळ्यात मोठं खूळ हे. मोबाईलवर अमेरिकेतली एखादी बाई क्रॅनबेरी धुते, पुसते, पिशवीत घालून फ्रीझरात टाकते आणि वर्षभर वापरते. तिचं बरोबरच आहे. क्रॅनबेरी आंबटढाण, साल मेणचट, आतून पोकळ. कच्ची गोठवली तरी तिचं काही बिघडत नाही. आपल्या करवंदांचंही तसंच करता येतं. पण सोले म्हणजे ओलं कडधान्य. दाण्यातले एन्झाइम, म्हणजे त्याला पिकवणारी-बिघडवणारी द्रव्यं, थंडीने मरत नाहीत, नुसते मंदावतात. उणे १८ अंशांतही त्यांचं काम हळूहळू चालूच राहतं. मग हिरवा रंग मळकट होतो, गोडी जाते आणि वाळल्या गवताचा वास मारायला लागतो. म्हणून सोले आधी उकळत्या पाण्यातून काढायचे. दोन मिनिटं, बस.

"काढले होते की काकू, घड्याळ लावून!" हेही मी दरवर्षी ऐकते. आणि इथेच खरी गोम आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. दहा किलो शेंगा आणल्या होत्या. सगळं घर दोन संध्याकाळी सोलत बसलं, बोटं काळी झाली. शेंगांच्या निम्म्याच्या आसपास सोले निघतात, म्हणजे पाचेक किलो झाले. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मला झोप येत होती. गंजात पाणी खळखळत होतं, त्यात मी एका दमात दोन किलो सोले ओतले. खळखळ जागच्या जागी थांबली. मी मात्र घड्याळाकडे बघत बरोबर दोन मिनिटांनी झारा घातला. पाणी तोवर पुन्हा उकळलंही नव्हतं. म्हणजे सोले दोन मिनिटं नुसते कोमट पाण्यात डुंबले. अशी अर्धवट ऊब कच्चं ठेवण्यापेक्षा वाईट, तिने एन्झाइम मरायचे सोडून उलट चेकाळतात.

पाडव्याला सोलेभात केला. काळा मसाला, वरून तेलाची फोडणी, सोबत कढी. मामंजींनी दुसरा घास घेतला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सूनबाई, यात गवत घातलंय का गं?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त स्वतःच्या भातावर कढीचा आणखी एक डाव ओतून घेतला. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पाच किलो सोल्यांपैकी चार किलो अजून फ्रीझरात होते.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला. अर्धा किलो सोल्यांना चार लिटर पाणी. सोले टाकले की झाकण ठेवायचं. मिनिटभरात पाण्याला पुन्हा उकळी आली पाहिजे, आणि दोन मिनिटं मोजायची ती या दुसऱ्या उकळीपासून. मिनिटाच्या वर वेळ लागला तर सोले जास्त झाले, पुढचा घाणा कमी घ्यायचा. पाच किलोचे दहा घाणे होतात, हो. कंटाळा येत असेल तर दोनच किलो भरा, पण नीट भरा.

रंग टिकावा म्हणून पाण्यात सोडा घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. रंग झकास येतो, पण सालं सुटतात आणि दाणा पिठूळ लागतो. दिसायला हिरवं हवं असेल तर कुंडीत काहीतरी लावा.

बाहेर काढल्यावर लगेच गार पाण्यात, तेही निदान तेवढाच वेळ. नाहीतर दाणा आतल्या उष्णतेने शिजतच राहतो. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात बधिर करतं, म्हणून मी हे काम आता रात्री नाही, सकाळी काढते. बर्फाचा एखादा ट्रे सोबतीला पुरतो.

ओले भरले, एकाच पिशवीत भरले

या दोन चुका जोडीने येतात आणि त्यांची वीट होते. शब्दशः वीट. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी एकदा दीड किलोची अशी वीट काढली आणि ओट्यावर बत्त्याने फोडायला बसल्या. ओट्याचा टवका उडाला, वीट तशीच. शेवटी सगळीच वितळवली, वाटीभर सोले वांग्यात घातले आणि उरलेले परत फ्रीझरात. पुढच्या वेळी पिशवीत सोले कमी नि लगदाच जास्त होता. गोठताना दाण्यातल्या पाण्याचे स्फटिक होतात, त्यांनी पेशी फाटतात. तेच पुन्हा गोठवलं की उरलेल्याही फाटतात. तरी जाऊबाईंचं म्हणणं, सोलेच खराब होते!

जुन्या सुती लुगड्यावर पसरा, पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवा, हाताला ओल लागायला नको. मग ताटात एकच थर करून फ्रीझरात. तीन-चार तासांनी दाणे गोट्यांसारखे खडखडले की पिशवीत भरायचे. हवा शक्य तेवढी दाबून काढायची, कारण आत राहिलेल्या हवेनेच दाणे वाळून पांढरट होतात. पिशवी एका वेळच्या भाजीपुरतीच. पाहुणे आले तर दोन काढा.

एकाच दिवशी फ्रीझर गच्च भरू नका. ५० लिटरच्या फ्रीझरात दिवसाला दोनेक किलो ताजा माल पुष्कळ झाला. जास्त कोंबलं की सगळंच सावकाश गोठतं, स्फटिक मोठे होतात आणि दाणा मऊ पडतो. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा वर्षभराच्या साठवणीसाठी नाहीच. त्यातलं मी महिना-दोन महिन्यांत संपवते.

बारीकसारीक

जून झालेल्या शेंगा घेऊ नका. टरफल पिवळं पडायला लागलं की आत गोडी संपून पीठ झालेलं असतं. हंगाम संपताना स्वस्त मिळतात त्या याच.

भोक पडलेली शेंग उघडून बघा, आणि भोक नसलेलीही. शेंगमाशीची अळी आत असताना बाहेरून काही कळत नाही.

सोललेले विकत घेतलेत तर थोडे अर्धा तास पाण्यात ठेवून बघा. पाणी हिरवं झालं तर वरून रंग लावलेला आहे, ते सोले तुमचे नव्हेत.

पिशवीवर तारीख घाला. "लक्षात राहतं" म्हणणाऱ्यांच्या फ्रीझरात मला मागच्या वर्षीचे मटार सापडलेत. आठ-दहा महिन्यांत संपवलेले बरे.

स्वयंपाकाआधी वितळवत बसू नका. गोठलेले सोले थेट फोडणीत. एकदा उकळून निघालेले असतात, त्यामुळे ताज्यापेक्षा लवकर शिजतात.

वीज गेली

पुस्तकी हिशोब असा की भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, मी त्यावर विसंबत नाही. आणि आपण गावाला गेल्यावर वीज किती वेळ गेली होती, हे कोण सांगणार? म्हणून मी फ्रीझरात एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवते. परतल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

गेल्या मे महिन्यात लग्नाहून चार दिवसांनी परतलो. पिशव्या दगडासारख्या कडक, वरून हिरव्यागार. जाऊबाईंनी एक उघडून हुंगली नि म्हणाल्या, "चांगले आहेत की हो ताई." मी वाटी पुढे केली. नाणं तळाशी चिकटलेलं होतं. सहाच्या सहा पिशव्या फेकल्या आणि वाटी पुन्हा भरून ठेवली.