जप्त संगणकातून पुरावा कसा काढतात: रॅमपासून प्रमाणपत्रापर्यंत

संगणक बंद असेल तर तो सुरू करू नका. चालू असेल तर घाईने वायरही ओढू नका. वीज गेली की रॅममधलं (तात्पुरत्या मेमरीतलं) सगळं जातं, आणि डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल तर तिला कुलूप लागतं. मग रिकव्हरी की मिळेपर्यंत हात बांधलेले. फाइल्स पुसल्या जाताना दिसत असतील, तरच वायर ओढा.

आधी पडद्याचा फोटो घ्या, संगणकातली वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहा, मग रॅम बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तुम्ही पेनड्राइव्ह लावल्याची नोंद त्या संगणकात उमटतेच. तीही वेळेसह लिहा, नाहीतर उलटतपासणीत तीच अंगाशी येते.

हार्ड डिस्क राइट ब्लॉकरमधूनच (डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या उपकरणातूनच) जोडा, कारण विंडोज नुसती डिस्क जोडली तरी तिच्यावर काहीबाही लिहितं. कॉपी-पेस्ट कामाचं नाही, पुसलेल्या फाइल्सची जागा त्यात येत नाही. फॉरेन्सिक सॉफ्टवेअरने पूर्ण इमेज (डिस्कची बिट-न्-बिट प्रत) घ्या, एसएचए-२५६ हॅश (डेटाचा ६४ अक्षरांचा डिजिटल ठसा) काढून पडताळा आणि तपास दुसऱ्या प्रतीवर करा. हॅश जुळला नाही तर आधी खराब सेक्टर (डिस्कचे न वाचता येणारे तुकडे) पाहा आणि त्यांचे क्रमांक नोंदवा. एसएसडीचं दुखणं वेगळं: ट्रिमने (पुसलेल्या फाइल्सची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणाऱ्या आज्ञेने) मोकळे ठरवलेले भाग तिच्यातली कंट्रोलर चिप वीज मिळताच स्वतःहून पुसू शकतो, राइट ब्लॉकर असला तरी. म्हणून तिची इमेज लवकर घ्या.

वेळांचा घोळ तर हमखास होतो. विंडोजच्या डिस्कवरची एनटीएफएस फाइल व्यवस्था यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवते, म्हणजे भारतीय वेळेसाठी ५ तास ३० मिनिटं मिळवायची. फॅट-३२ या दुसऱ्या फाइल व्यवस्थेच्या पेनड्राइव्हवर मात्र स्थानिक वेळ असते. दोन्ही एकाच तक्त्यात तशाच टाकल्या, तर पेनड्राइव्हवरची फाइल तयार होण्याआधीच संगणकावर कॉपी झालेली दिसते!

असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ उपकरण ताब्यात असणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, हॅश दोन्हींत. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालीही, मूळ उपकरण कोर्टात येणार नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, असं सर्वोच्च न्यायालयाने जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट केलं. हॅश हाताने टाइप करू नका, इमेजिंगच्या लॉगमधून जसाच्या तसा उचला.