साइट गुगलवर येत नाहीये? जावास्क्रिप्टवाल्यांनो, या चुका टाळा

रिअ‍ॅक्टमधे (जावास्क्रिप्टची लायब्ररी) साइट बनवली, ब्राउझरमधे झकास दिसतेय, पण गुगलवर शोधलं तर नुसतं होमपेज. मग 'गुगलला जावास्क्रिप्ट कळत नाही' म्हणून खापर फोडायचं. आता तसं राहिलेलं नाही, मे 2019 पासून गुगलबॉट (साइट्स वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) ताज्या क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा गाभा) पेज रेंडर करतो, म्हणजे कोड चालवून पूर्ण पान तयार करतो, त्याआधी तो बिचारा जुन्या क्रोम 41 वरच अडकला होता. आधी तो सर्व्हरकडून आलेलं एचटीएमएल वाचतो, मग पेज रेंडरच्या रांगेत जातं आणि नंबर लागला की जावास्क्रिप्ट चालवून जे तयार होईल ते इंडेक्सला, म्हणजे गुगलच्या शोधयादीत, जातं.

फक्त एक आहे, तो कशावरही क्लिक करत नाही आणि आपल्यासारखं स्क्रोलही करत नाही. सगळ्यात जास्त साइट्स इथेच मार खातात. समजा पैठण्यांचं दुकान आहे, पहिल्या 20 साड्या दिसतात आणि बाकीच्या 'आणखी दाखवा' दाबल्यावर येतात, तर ते बटण बॉट कधीच दाबणार नाही, त्या साड्या त्याच्यासाठी नाहीतच. मेनू लिंकऐवजी डिव्हवर (एचटीएमएलचा साधा चौकोन) ऑनक्लिक (क्लिक केल्यावर चालणारा कोड) लावून केला असेल तरी तेच. सरळ ए टॅग (एचटीएमएलची लिंक), त्यात खरा एचरेफ (लिंकचा पत्ता), आणि पुढच्या प्रत्येक पानाला स्वतःची यूआरएल द्या. यूआरएलमधे हॅशच्या (#) पुढचं गुगल साधारण धरतच नाही, म्हणून राउटर (पानं बदलणारा कोड) हिस्ट्री मोडवर ठेवा, म्हणजे यूआरएल हॅशशिवाय राहील.

दुसरी चूक जरा छुपी आहे. स्टेजिंगवरचा (चाचणीच्या साइटवरचा) नोइंडेक्स टॅग ('हे पान शोधात दाखवू नका' ही सूचना) एचटीएमएलमधे तसाच राहतो आणि कोणीतरी डोकं लावून तो जावास्क्रिप्टने काढतं. पण पहिल्याच एचटीएमएलमधे नोइंडेक्स दिसला तर गुगल रेंडरच टाळू शकतं, मग तुमचा कोड चालणार कधी?

रोबोट्स फाइलमधे (बॉटने काय वाचायचं नाही ते सांगणारी robots.txt) जावास्क्रिप्टचं फोल्डर ब्लॉक नाही ना तेही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि चुकीच्या यूआरएलला 'पेज सापडलं नाही' दाखवून सर्व्हर मात्र 200 ('सगळं ठीक' हा कोड) पाठवतोय, हे सिंगल पेज अ‍ॅपमधे (एकच पान लोड करून बाकीचं जावास्क्रिप्टने दाखवणारी साइट) सर्रास चालतं, यालाच सॉफ्ट 404 म्हणतात. खरा 404 ('सापडलं नाही' हा कोड) पाठवा, नाही जमलं तर निदान त्या पानावर जावास्क्रिप्टने नोइंडेक्स टाका, नोइंडेक्स जावास्क्रिप्टने काढणं भरवशाचं नाही, पण टाकणं चालतं.

तपासायचं असेल तर ब्राउझरच्या व्ह्यू सोर्सवर विसंबू नका, तिथे रेंडर व्हायच्या आधीचंच दिसतं. सर्च कन्सोलमधे (साइटमालकांसाठी गुगलचं मोफत टूल) यूआरएल इन्स्पेक्शन, मग लाइव्ह टेस्ट, आणि तिथल्या एचटीएमएलमधे तुमच्या पेजवरचं एखादं वाक्य शोधा. सापडलं नाही तर बाजूच्या कन्सोल मेसेजमधे एरर बघा, बरेचदा एखादा एपीआय कॉलच (सर्व्हरकडून माहिती मागवणं) फेल झालेला असतो.

माझं विचाराल तर महत्त्वाचा मजकूर सर्व्हरवरच रेंडर करा. गुगल निभावून नेईल हो, पण बाकीचे बरेच बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर फोटो आणि टायटल येत नाही ते बहुतेक वेळा यामुळेच.