चितळाचं रक्त घ्यायला निघण्याआधी

विहिरीतून काढलेलं किंवा कुत्र्यांनी फाडलेलं चितळ उपचाराला आलं, की त्याच्या रक्तातले परजीवी तपासायला रक्त घ्यायला मिळतात पाचदहा मिनिटं. तेव्हा पिशवी उचकत बसायचं नसेल तर ती आदल्या रात्रीच भरा. वनविभागाची लेखी परवानगी सगळ्यात वर.

रक्तासाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळ्या घ्या, त्यांत रक्त साकळत नाही. हेपॅरिनच्या नकोत; साकळणं तेही थांबवतं, पण पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधायच्या चाचणीत, खोडा घालतं. काचपट्ट्या नव्या असल्या तरी स्पिरिटने पुसून ठेवा. मिथेनॉल बरोबरच हवं: पट्टीवर पातळ पसरलेला रक्ताचा लेप वाळला की लगेच त्यात बुडवायचा, नाहीतर मुंग्या-माश्या तो चाटून साफ करतात. फॉर्मॅलिनची बाटली मात्र दुसऱ्या डब्यात. तिच्या नुसत्या वाफेनेही लेपावर जिम्साचा रंग, ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसतात, नीट चढत नाही. लेप आधी, रक्त थंडीत गोठवणं नंतर. गोठलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या असतात आणि आपल्याला तर त्यांच्याच आत डोकवायचं आहे.

लेपात काही दिसलं नाही म्हणून ‘निरोगी’ लिहून मोकळं होऊ नका. धडधाकट हरणात थायलेरिया किंवा बबेसिया हे रक्तातले एकपेशीय परजीवी इतके विरळ असू शकतात की सूक्ष्मदर्शकाला हुलकावणी देतात. म्हणून उरलेलं रक्त पीसीआरसाठी राखा; या दोघांसाठी बहुतेकदा 18एस जनुक तपासतात. रक्तात सापडणारा अ‍ॅनाप्लाझ्मा खरा तर जिवाणू, त्याला 16एस जनुक. हरीण मेलेलं असेल तर प्लीहेचा तुकडाही घ्या.

गोचिडांसाठी बारीक चिमटा, 70 टक्के इथेनॉल, आणि एका जनावराची एकच बाटली. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडात परजीवीचा डीएनए सापडला, तरी तो हरणाच्या रक्तातलाच असू शकतो. रोग त्या गोचिडानेच पसरवला असं लिहायची घाई इथेच होते.

डोळे झाकायला कापड घ्या. सुई फक्त पशुवैद्यकाच्या हातात, आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. चितळ धास्तीनेही दगावतं.

स्वतःसाठी फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीकडे निघाला असाल तर जास्तच जपा, तिथे गोचिडांमुळे माणसांना माकडताप झालेला आहे.

आणि नमुन्यांच्या बर्फपेटीत जेवणाचा डबा ठेवू नका. हे सांगावं लागतं.